तेहतीस सोयींचे वाण

शांतता ही अशी चीज आहे की, ती राखायला जितकी माणसे नेमावीत तितकी ती कमी भरते. घरी राहून हे कळत नाही. त्यासाठी उत्तम प्रतीच्या हॉटेलात उतरावे लागते.

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. वडिलांच्या मागे हे काम माझ्या धाकट्या भावाकडे, दत्तात्रेयाकडे आले. त्याचे हुबळीला कोप्पीकर रोडवर कापडाचे दुकान आहे आणि तो सुधारक आहे (म्हणजे त्याच्या घरी कुणाला अनारसे जमत नाहीत). स्टेशनाजवळ नव्याने निघालेल्या 'विश्रांतिभुवना'च्या जाहिरातीतल्या सोयी त्याने मोजल्या, त्या बरोबर तेहतीस भरल्या. झाले वाण. धारवाडाहून आम्ही उभयता तीन दिवसांसाठी तिकडे गेलो.

माझे अधिकाचे नेम दोनच. दुपारी एकदा जेवायचे, आणि ते मौनाने. पानावर असता शब्द गेला की उठायचे, ते दुसऱ्या दिवशी दुपारीच बसायचे. (खोटे न बोलण्याचा नेम बारमाही आहे, तो यात धरत नाही.) घरी हे सोपे जाते. आमच्याकडची स्वारी वकील असल्याने मला बोलायची वेळ मुळातच कमी येते.

विश्रांतिभुवनाची सतरावी सोय 'संपूर्ण शांतता' आणि अठरावी 'प्रत्येक पाहुण्याची जातीने विचारपूस'. दोन्ही एकाच वेळी मिळतात.

शांततेची व्यवस्था खरोखर पाहण्यासारखी. बारा ते तीन शांततेचे तास. ते सुरू झाल्याचे कळावे म्हणून पितळी घंटा. घंटा सर्वांना ऐकू गेली की नाही, हे विचारायला एक पट्टेवाला दारोदार कडी वाजवतो. त्याचा आवाज होतो अशी तक्रार आल्यावरून त्याच्यावर दुसरा नेमला आहे, तो जिन्याखालून हाका मारून पहिल्याला हळू चालायला सांगतो. मी जपमाळेवर मोजले. तासाभरात शांतता राखण्याचे आवाज एक्केचाळीस, इतर तीन (पैकी दोन चिमण्यांचे).

पहिल्या दिवशी वाढप्याने वरण वाढू का विचारले. मी मान हलवली. ते चालेना. मागे एका पाहुण्याने 'मी माशी हाकलत होतो' असे सांगितल्यापासून तिथे तोंडी होकाराशिवाय वरण वाढत नाहीत. त्याने व्यवस्थापक वादिराजरावांना आणले. फार सज्जन माणूस. हात जोडून म्हणाले, "अक्का, जेवण निवांत चाललंय नव्हं?"

एवढ्या आदबीला उत्तर न देणे मला जमले नाही. "हो," मी म्हणाले आणि पानावरून उठले. एका शब्दात मौनही गेले आणि सत्यही.

दुसऱ्या दिवशी स्वारीने रीतसर अर्ज लिहून दिला, की पत्नीस मौनव्रत असून तिला कोणी काही विचारू नये. वादिराजरावांचे डोळे भरून आले. त्यांनी भोजनगृहाच्या दारात पट्टेवाला उभा केला. तो येणाऱ्याजाणाऱ्याला बजावू लागला, "सप्पळ माडब्याड्री! आवाज करू नका! आत अक्कांचं मौन चाललंय!" गाव दुभाषी असल्याने सारे दोनदा. त्यामुळे ज्यांना जेवायचे नव्हते तेही दर्शनाला आले. कमरीपेठेतल्या वेणूबाईंनी वाकून विचारले, आमच्या हेमावतीचं यंदा जमेल का? मी तेव्हा वाढप्याला मीठ पुरे म्हणून मान हलवत होते. तो कौल समजून त्यांनी मोठ्याने आनंद व्यक्त केला. बाकीचेही आपापले प्रश्न घेऊन सरसावले. तेव्हा वादिराजराव असे काही "गप्प!" ओरडले की माझ्या तोंडून "हळू" निघून गेले.

पानावर होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, तशीच राहिली. तूपही घेतले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी ताट खोलीतच मागवले. स्वारी खाली जेवून परस्पर दत्तात्रेयाच्या दुकानी गेली. मी दार लोटले, पाटावर बसले, मौन धरले. चमत्कार असा की कुठे हूं की चूं नाही. घंटा नाही, कडी नाही, हाक नाही. मला भरून आले. ताट मात्र येईना, आणि मौन धरल्यावर हाक मारायची सोय नव्हती. तीनला वेळ टळली तशी उठून दार उघडले. बाहेर वाढपी ताट घेऊन उभा. बारापासून उभा होता. अक्कांसाठी घंटाही बंद आणि दारावर टकटकही करायची नाही, असा हुकूम होता. भात वाळला होता, वाढप्याच्या डोळ्यांत पाणी.

निघताना दत्तात्रेय टांगा घेऊन आला. वादिराजरावांनी अभिप्रायाची वही पुढे केली. माणूस इतका भला की वाईट लिहवेना, आणि खोटे लिहिता येईना. मी लिहिले, "येथे तीन दिवसांत माझी जेवढी तपश्चर्या झाली, तेवढी घरी तीन अधिकांत झाली नाही." त्यांनी वही कपाळाला लावली आणि 'व्रतस्थांची खास सोय' ही चौतिसावी सोय तिथल्या तिथे जाहीर केली.

मी मागची पाने चाळली. दोनशे बारा अभिप्राय. 'शांतता म्हणजे काय, हे इथेच कळले.' 'अन्नाचा मोह सुटला.' 'ही सेवा जन्मभर विसरणार नाही.' एकही अक्षर खोटे नव्हते.

"अक्का, सोयी मोजल्या खऱ्या, पण ही वही वाचूनच तर मी ठरवलं," दत्तात्रेय अभिमानाने म्हणाला.

मी वही मिटली. सह्या मात्र नीट पाहून ठेवल्या आहेत. नावे घेत नाही. आपण हे वाचताना कुठे कुठे हसलात, ते आपल्याला ठाऊकच आहे. विश्रांतिभुवनात स्वतः उतरल्याशिवाय तेवढे हसू येत नाही.