परशुअण्णांचा छोटा माग

सोमवारी सकाळी परशुअण्णा गेले. दुपारी मी प्रिंटर चालू केला. तो चालला.

यात नवल काय, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या वडगावच्या गल्लीत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. माझा प्रिंटर रोज संध्याकाळी अडतो आणि परशुअण्णांशिवाय कुणाचं ऐकत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी अण्णा चप्पल काढत आणि नमस्कार करत. जन्म मागावर गेलेला. मागावर बसण्याआधी हात जोडायची सवय होती. माग भंगारात गेले, सवय राहिली. पुढे बेंगळुरूच्या पुतण्यानं जुना कॉम्प्युटर धाडला, त्यात लिनक्स घालून दिलं आणि फोनवरून थोडं शिकवलं. तेव्हापासून गल्लीतली वायर असलेली एकही वस्तू अण्णांनी सोडली नाही. कुणाचा मुका स्पीकर, कुणाचा आंधळा वेबकॅम, सगळे त्यांच्या ओसरीवर येऊन बसत.

त्यांची भाषा मागाचीच राहिली. माउस म्हणजे धोटा, इकडून तिकडे पळणारा. ड्रायव्हर म्हणजे कारागीर. नवं यंत्र जोडलं की काळी खिडकी उघडून एका बोटानं ते एक आज्ञा टाइप करत. जोडलेल्या यंत्रांची नावं खाली उतरत जात. "हजेरी झाली," म्हणायचे. मग चष्मा वर सारून, "मशीन आलंय मास्तर, पण कारागीर न्हाय आला. बलवून आणू."

मी मास्तर नव्हे. कॉलेजात ग्रंथपाल होतो. पण पुस्तकांत बसतो तो मास्तर, हा अण्णांचा हिशेब.

सुधा, माझी बायको, गेल्यावर मी बराच काळ कॉम्प्युटर उघडला नव्हता. त्यात तिचं काम होतं. वडगाव-शहापुरातल्या बायका सुताच्या कांड्या भरताना, मागावर बसताना जी गाणी म्हणत, ती तिनं घरोघरी बसून ऐकली आणि टाइप करून ठेवली. ती कागदावर यावीत एवढीच तिची इच्छा होती. मी हे अण्णांना सहज बोललो. छापखान्यात द्यावं म्हणतो, म्हणालो.

"छापखाना कशाला? हितंच विणू की."

आठवड्याभरानं ते निपाणीहून परतले ते मांडीवर प्रिंटर घेऊन. तंबाखूच्या एका बंद वखारीत तो धूळ खात पडला होता. फितीवर सुया आपटून छापणारा, जुन्या काळचा. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं होतं, "एनिदु अज्जा?" हे काय आहे, आजोबा? अण्णांनी कानडीतच सांगितलं, "सण्ण मग्ग." छोटा माग. कंडक्टरनं म्हणे त्या डब्याकडे आदरानं पाहिलं आणि त्यांना खिडकीची जागा दिली.

जोडणीला पुष्कळ दिवस गेले. आधी त्याच्या रुंद तोंडाला बसेल अशी वायर मिळेना. वायर मिळाली, हजेरी झाली, तर कारागीर येईना. लिनक्स पासवर्ड मागायचं तेव्हा अण्णा म्हणत, "मालक, परवानगी द्या," आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. पासवर्ड सुधाचं नाव होतं. त्यांना ते माहीत असावं, कारण तेवढ्या वेळात ते नेहमी तिच्या फोटोकडेही पाठ करत.

मग एका संध्याकाळी त्यांनी प्रिंटरला मागाचं तेल घातलं. मी ओरडेपर्यंत घालून झालं होतं. पहिल्या पानावर तेलकट पट्टा आला आणि त्या पट्ट्यातून, ओळ ओळ सरकत, सुधानं जमवलेलं गाणं उतरू लागलं. खट खट खट खट. सुयांचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

अण्णा डोळे मिटून खुर्चीत बसले होते. "ऐका," म्हणाले. मी ऐकलं. खिडकीतून तांबूस उजेड येत होता, त्यात धूळ तरंगत होती, आणि क्षणभर मला वाटलं, गल्लीतले सगळे बंद माग पुन्हा सुरू झालेत, कुणीतरी आतून चहाला हाक मारील. कागदाच्या कडेची भोकं बघून अण्णा म्हणाले, "आमची नक्षीची कार्डं अशीच असत्यात. भोकं बघून माग फुलं काढतो." मग जरा थांबून, "मागाचा आवाज हुता तवर घरात माणूस असल्यागत वाटायचं बघा."

त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

खंडेनवमीला त्यांनी माझ्याही यंत्रांची पूजा केली. स्कॅनरचं झाकण उघडून आतल्या काचेला कुंकू लावलं. नंतर मी संग्रहासाठी सुधाचा फोटो स्कॅन केला, तर पडद्यावर तिच्या भांगाशी लाल ठिपका. मी फडकं शोधू लागलो.

"ऱ्हाऊ दे वो मास्तर," अण्णा म्हणाले. "वैनी सवाष्ण गेल्या."

ती काच मी अजून पुसलेली नाही.

गाणी छापणं मात्र पुढे सरकेना. एखादं पान निघे आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर मुका. दिवे लागायच्या वेळी, जेव्हा मला घर खायला उठे, नेमके तेव्हा अण्णा दारात. "अडला काय? धागा तुटला असंल. सांधू." चहा होई, एक पान निघे, जुन्या गोष्टी निघत. एकदा मी पुस्तकांच्या कपाटासमोर उभा होतो. कपाटाच्या काचेत माझ्यामागचा कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. जाण्यापूर्वी अण्णांनी धोटा हलवला, प्रिंटरच्या खिडकीत 'थांबवा'वर टिचकी मारली, खिडकी मिटली आणि वळून म्हणाले, "येतो. उद्या अडला तर हाक मारा."

मी हो म्हणालो.

पुढे एकदा त्यांना ताप होता. गडबडीत ते टिचकी मारायची विसरून गेले. दुसऱ्या दिवशी प्रिंटर व्यवस्थित चालत होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. मग खिडकी उघडली, स्वतः 'थांबवा'वर टिचकी मारली आणि त्यांच्या दारात गेलो.

"अण्णा, पुन्हा अडला बघा."

शाल पांघरून ते आले. पडद्यावर वाचलं. माझ्याकडे पाहिलं. आपण काल विसरलो होतो, हे त्यांना आठवलं असावं.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "लई बेरकी मशीन हाय हे."

"फार," मी म्हणालो.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. कधी ते थांबवत, कधी मी. फक्त अधूनमधून ते विचारत, "किती पानं ऱ्हायली वो?" आणि मी म्हणायचो, "पुष्कळ." पानं थोडीच राहिली होती. गठ्ठ्याची जाडी त्यांनाही दिसत होती.

त्या सोमवारी स्मशानातून आलो, अंघोळ केली आणि प्रिंटर चालू केला. कुणी थांबवला नव्हता. शेवटून दुसरं पान सरळ बाहेर आलं. खट खट आवाज गल्लीत गेला. समोर अण्णांच्या ओसरीवरचे स्पीकर, वेबकॅम, वायरींची वेटोळी तशीच होती. दार बंद होतं. मी पडद्यावरची खिडकी उघडून प्रिंटर थांबवला.

शेवटचं पान रांगेत आहे. ते सोडायला कुठं टिचकी मारायची, ते मला माहीत आहे.