लाल खटका

लाइटीतलं आपल्याइतकं अख्ख्या मारुंजीत कुणाला कळत नाही, असं हैबतराव छातीठोक सांगायचे, आणि ते खरंच होतं! विहिरीवरच्या तीन मोटारी त्यांनी स्वतःच्या हातानं जाळल्या होत्या. एवढा अनुभव गावात दुसऱ्या कुणाच्या गाठीला होता?

कंप्युटर मात्र त्यांना लेकासाठी हवा होता. आता बघा, निरंजनची कंपनी हिंजवडीत, म्हणजे घराच्या बगलेत. पण राहायचा बावधनला, पोरांना तिकडची शाळा बरी पडते म्हणून. इकडे हैबतरावांच्या खोल्यांत लातूर-नांदेडची पोरं भाड्यानं. दुसऱ्यांच्या लेकरांनी घर गजबजलेलं आणि स्वतःचा लेक सणावारी पाहुण्यासारखा चहा पिऊन जायचा. म्हाताऱ्याला ते फार लागायचं. घरात कंप्युटर असला तर सुट्टीच्या दिवशी काम घेऊन पोरगा इथंच येऊन बसेल, असा त्यांचा डाव.

भाडेकरू शैलेशनं सुटे भाग आणून जुळणी करायला घेतली. घरातली लाइट आत घेऊन यंत्राला पुरवणारी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, त्यानं दोन तऱ्हेचे आणले होते. कुठला बरा, यावर तो बरंच बोलला. हैबतरावांनी कलिंगड पारखावं तसे दोन्ही तळहातावर तोलले आणि जड तो ठेवून घेतला. त्याच्या पाठीला एक लाल खटका होता. एकीकडे २३० व्होल्ट, दुसरीकडे ११५; येणाऱ्या लाइटीचा जोर बघून तो ठेवायचा. शैलेशनं तो २३० वर ठेवला, जुळणी संपवली आणि ड्यूटीवर गेला.

हैबतरावांना हसू आलं. मारुंजीत म्हणे दोनशे तीस! दिवस मावळला की इथला बल्ब विडीच्या टोकासारखा मिणमिणायचा. लातूरच्या पोराला मुळशीची लाइट काय ठाऊक, असं म्हणून त्यांनी खटका ११५ वर सरकवला. संध्याकाळभर यंत्र झकास चाललं. सकाळी पुन्हा चालू केलं, लाइटीला जोर आला, आणि असा बार उडाला की त्यांची बायको रत्नाबाई तव्यावरची भाकरी सोडून अंगणात पळाल्या!

फोनवर हैबतरावांनी लेकाला एवढंच सांगितलं, की घरात स्फोट झालाय. निरंजन ऑफिस टाकून आला. आईबाप धड बघून त्याच्या जिवात जीव आला आणि खटक्याची हकीकत ऐकून तो हसत हसत भुईवरच बसला. नवा पॉवर सप्लाय आणला, खटका २३० वर ठेवला, पुन्हा हात लावायचा नाही म्हणून आबांना बजावलं. यात उशीर झाला, म्हणून मुक्काम केला. आईच्या हातची मटकीची उसळ दोनदा मागून घेतली आणि जळक्या मोटारींवरून आबांची मनसोक्त टर उडवली. पोराकडून येडं ठरण्यात एवढं सुख असतं, हे हैबतरावांना तेव्हा कळलं.

त्यानंतर यंत्र सुरळीत चाललं आणि निरंजन यायचा थांबला. कधी मीटिंग, कधी पोरांची परीक्षा. हैबतराव रोज सकाळी आशेनं बटण दाबायचे, आणि ते मेलं निमूट चालू व्हायचं.

एकदा रत्नाबाई खोलीत आल्या, तर नवरा टेबलामागं ओणवा आणि बोट लाल खटक्यावर.

"काय करताय?"

"धूळ पुसतुया."

रत्नाबाईंनी खटक्यावरचं बोट बघितलं. आता उद्धार होणार म्हणून हैबतरावांनी मान खाली घातली.

"मग मटकी भिजत घालू का?" त्या म्हणाल्या.

मटकीला मोड येईपर्यंत म्हाताऱ्यानं दम धरला. मग बार उडाला.

या खेपेला निरंजन घाबरला नाही. तो कामात होता. दुपारी त्यानं पाठवलेला माणूस आला. भला होता बिचारा. चटकन नवी पेटी बसवली, यंत्र चालू करून दाखवलं, जेवायचा आग्रह केला तर पुढं अजून दोन घरं आहेत म्हणून निघाला. संध्याकाळी लेकाचा फोन आला.

"आबा, या वेळी मी स्वतः निवडलाय. सगळ्यात भारी. त्याला खटकाच नाही. लाइट कमी होऊ दे नाहीतर जास्त, तो आपला आपण सांभाळतो. आता मला बोलवायची पाळीच येणार नाही तुमच्यावर."

"लई ब्येस केलंस," हैबतराव म्हणाले. "लई घोर होता बघ जिवाला."

आणि खोटं कशाला बोला, पोरानं वस्तू पारखून घेतली होती. तो पॉवर सप्लाय अजून एकदाही बिघडलेला नाही.