बुसैतीनचा अंजीर जुफैरास आणिला त्याची हकीकत

श्री गजानन प्रसन्न. हकीकत वसईकर ख्रिस्ती घराण्याची आणि मुलूख बहारीनचा, सबब ज्याने त्याने आपापल्या परमेश्वराचे स्मरण करोन पुढे वाचावे. लिहिणार गुरुप्रसाद, मूळ वस्ती पुणे, हल्ली मुक्काम जुफैर, अकरावा मजला, कॉर्नेलियसरावांचे भिंतीस भिंत. लिहिण्याचे कारण हेच की रावांचे तोंडी ही मोहीम दर मेजवानीस वाढत चालली, नाताळात अंजीर डझनभर जाहले, ईस्टरास टोपली भरली, तेव्हा त्यांचे कुटुंब नॅन्सीबाई यांनी आम्हांस लिफ्टमध्ये गाठोन ताकीद केली की, गुरुभाऊ, खरं झालं तेवढंच एकदा लिहून ठेवा. त्यावरून लिहितो. पदरचे घालीत नाही.

राव हे एका थोर हॉटेलात मेजवानीखात्याचे सरदार. पन्नास पाहुण्यांचा हुकूम आला असता शंभरांचे शिजवावे, आणि कोणी पुरे म्हटले तरी त्याचे ताटात वाढावे, ऐसा त्यांचा खाक्या. बाई इस्पितळात नर्स, थेंब मोजोन देणाऱ्या. या उभयतांचा संसार एकोणीस वर्षे बुसैतीनास उम्म इलियास यांचे घराचे माडीवर चालला. उम्म इलियास म्हणजे इलियासची आई. खरे नाव खदिजा, परंतु थोरल्या लेकाचे नावे हाक मारणे हा तेथील अदब. अंगणात अंजिराचे झाड, त्यांचे मरहूम यजमानांनी लग्नाचे वर्षी लाविलेले, आणि दर उन्हाळी पहिले फळ यजमानांनी तोडोन त्यांचे हाती द्यावे हा रिवाज. यजमान पैगंबरवासी जाहल्यावर तो मान रावांकडे आला, कारण शिडीवर चढणारा दुसरा कोणी नव्हता.

पुढे इसवी सन दोन हजार तेवीस, माहे जानेवारी, घर पाडोन नवी इमारत उठवावी ऐसा लेकांचा ठराव जाहला, आणि म्हातारीने रिफास इलियासकडे जावे, रावांनी जुफैरास फ्लॅट धरावा, आणि झाड यंत्राचे तोंडी द्यावे, कारण रिफाचे अंगण पुरते फरसबंद. निरोपाचे कहव्यास, म्हणजे अरबी कॉफीस, म्हातारी एवढेच बोलिली, "शजरा भी खलास, कॉर्नेल." शजरा म्हणजे झाड. हे ऐकोन रावांनी छातीस हात लाविला.

"इसी झाड का अंजीर मैं तुम्हारे हाथ में देगा. इंशाल्ला."

म्हातारीने पेला खाली ठेविला. "इंशाल्ला सब लोग बोलता. तुम सच्ची बोलो."

राव सच्ची बोलिले. येथोन माघारीची वाट बंद जाहली.

मग रावांनी शिडीवर चढोन बारा काड्या छाटिल्या, आणि त्या ओल्या कागदात गुंडाळोन फ्रिजचे खालचे खणात डेरेदाखल केल्या, आणि काडीस मुळे फुटावीत म्हणोन हार्मोनची पांढरी भुकटी नर्सरीतून आणविली. डबीवर लिहिले होते की बुडास किंचित लावावी. राव म्हणाले, किंचित हा शब्द कंजुषांचा, आपले घरी आलेला उपाशी जात नाही. मग सहा काड्या काढोन, बोंबील रव्यात घोळवावेत तैशा शेंड्यापासोन बुडापर्यंत घोळविल्या, आणि एक डबी सरली तो दुसरी फोडिली, आणि गॅलरीत कुंड्यांचे मोर्चे बांधोन फत्तेची वाट पाहिली. पंधरा दिवसांत सहाही बुडाशी काळ्या पडोन कामी आल्या.

शिकस्त खाल्ली तरी रावांनी हिंमत सोडिली नाही. भुकटी नामर्द म्हणोन त्यांनी पातळ हार्मोन आणविले. त्याचा कायदा ऐसा की काडी पाच सेकंद बुडवोन काढावी. रावांनी चार काड्या सकाळी बुडविल्या आणि ड्यूटीवर स्वारी निघाली, आणि संध्याकाळी परत येवोन पाहती तो चौघींची साल करपोन गेली. त्याच आठवड्यात बुसैतीनास यंत्र चालले आणि झाड पडले, ही खबर आली. आता फ्रिजात काड्या दोन आणि मागोन कुमक येणे नाही. अन्नाचा एवढा शौकी माणूस, त्या दिवशी जेवला नाही. आम्ही त्यांची थट्टा करितो खरी, पण त्या दिवशी आमचेच्यानेही झाली नाही.

तेव्हा नॅन्सीबाईंनी स्वयंपाकघरात दरबार भरवोन मोहिमेची मुखत्यारी आपले हाती घेतली.

"डोस म्हणजे डोस," त्या बोलिल्या. "पेशंटला चमच्याऐवजी अख्खी बाटली पाजली, तर तो बरा होतो का?"

"पण कमी पडलं तर?"

"ते जेवण नाही, कॉर्नेलियस. औषध आहे."

मग बाईंनी चिमूटभर भुकटी निराळे बशीत काढिली, आणि काडीचे बूड डोळ्याखाली, म्हणजे कोंबाचे गाठीखाली, नवे छाटोन बोटाचे पेरभर टेकविले, आणि वर राहिली ती भुकटी झटकोन टाकिली, आणि मातीत पेन्सिलीने भोक पाडोन काड्या उभ्या केल्या, की भुकटी घासोन जाऊ नये. या कामी हॉटेलातील पुडिंगाचे पारदर्शक ग्लास रावांनी पुरविले, तेवढे श्रेय त्यांचे आहे आणि ते आम्ही बुडवीत नाही. वर पिशवीचा तंबू दिधला. फर्मान निघाले की रावांनी पहावे, हात लावू नये.

रावांनी नऊ दिवस फर्मान पाळिले. दहावे दिवशी मूळ आले की काय हे पाहावया एक काडी उपटिली, आणि पुनः रोविली, आणि तेरावे दिवशी पुनः उपटिली. ती गेली. बाईंनी गॅलरीस कुलूप घालोन किल्ली पर्शीत टाकिली, आणि रावांनी काचेस नाक लावोन एका ग्लासावर पहारा धरिला. पाचवे आठवड्यात ग्लासाचे भिंतीस पांढरा धागा दिसला. रावांनी आमचे दार बडविले, आणि आम्ही पाहिले, आणि ते मूळच होते.

पुढील उन्हाळ्याचे आत झाड कमरेएवढे जाहले आणि तीन फळे धरिली. दोन गळाली. तिसरे हिरवे, टणक, पंधरा दिवस तैसेच बसोन राहिले. रावांनी फळ पिकविण्याचे फवाऱ्याचा शोध मोबाइलवर चालविला होता, परंतु बाईंचा डोळा पाहोन मोबाइल खिशात घातला, आणि गाडी काढोन रिफास म्हातारीचे सल्ल्यास गेले.

म्हातारी म्हणाली, "जैतून का तेल. अंजीर के आँख पे. एक बूँद, बस."

आम्ही नंतर वाचोन पाहिले तो या ऑलिव्हचे तेलाने फळ आपले अंगचाच पिकविणारा हार्मोन सोडिते ऐसे निघाले. म्हातारीस ते नाव ठाऊक नाही, तिची आई ऐसे करीत असे इतकेच ठाऊक. राव परत आले, आणि तेलाची बाटली पालथी करावयास हात उचलिला, आणि थांबले, आणि दात कोरावयाची काडी बुडवोन फळाचे डोळ्यास, म्हणजे बुडाचे बारीक भोकास, एक थेंब टेकविला. एकच. बाई पाहात होत्या. आमचे मते खरी फत्ते त्याच घटकेस जाहली.

सहावे दिवशी फळ फुगोन मऊ आले, मान टाकिली. रावांनी ते तोडोन, हॉटेलचे केकचे खोक्यात घालोन, खोक्यास गाडीचा पट्टा बांधोन, आम्हां सर्वांसहित रिफास कूच केले. म्हातारीने खोके उघडोन आत पाहिले, मग रावांचे तोंडाकडे पाहिले. शंभरांचे शिजविणारा मनुष्य एकच फळ घेवोन उभा होता आणि त्यास लाज वाटत होती. म्हातारीने हात पुढे केला, आणि रावांनी अंजीर त्यावर ठेविला, आणि तिने तो देठासकट खाल्ला, कोणास घे म्हटले नाही. मग डोळे पुसोन इलियासास हुकूम केला की अंगणातील चार फरशा उद्या उखडाव्या, आणि कॉर्नेलने थंडीत नव्या झाडाची एक लकडी तेथे लावावया आणावी. "और दवा थोड़ा," ती म्हणाली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. काड्या बारा खर्ची, झाड एक, अंजीर एक. अधिक कोणी सांगेल तर ते हॉटेलखात्याचे समजावे.