बबनमास्तरांची इंग्रजी कॅसेट

आमच्या आळेफाट्याच्या बबनमास्तरांनी एका इंग्रजी गाण्याचं नाव 'म्हैस हरवल्याचं' ठेवलं होतं. दुसऱ्याचं 'एसटी चुकल्याचं'. आणि ज्यात गाणारा नुसता बोंबलत सुटायचा, ते 'व्याह्याशी भांडल्याचं'. मास्तरांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांचं म्हणणं, दुःख कळायला भाषा कशाला लागते, कान पाहिजे.

मास्तरांचा लग्नात वाजवणारा बँड होता, क्लॅरिनेट त्यांची स्वतःची. माझं टायरचं दुकान त्यांच्या तालमीच्या खोलीला चिकटून, तेव्हा माझ्या नशिबाची कल्पना करा. नव्वदच्या दशकात कधीतरी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी ती कॅसेट आणली. कुठल्याशा परदेशी बँडच्या सगळ्या कॅसेटींतून वेचून काढलेली गाणी. माझा कॉलेजातला भाचा म्हणाला, "याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. नेहमीच्या चाकोरीतलं नाही." मास्तर म्हणाले, "मंग आमचं तरी कुठं चाकोरीत हाय?"

"निवडक माल हाय, राव," हे त्यांचं पालुपद. "कांदा कसा निवडतेत? सडका बाजूला, बारका बाजूला. तसं एकेक गाणं हातात घिऊन बगितलंय त्येंनी." गिऱ्हाईक पंक्चर काढायला आलं की मास्तर टेप घेऊन हजर. काही लोक पंक्चर चाक तसंच घेऊन पळाले.

बँडवर त्यांनी सगळी गाणी बसवली, पण वाजवू देतंय कोण? पेठला एका लग्नात सुरुवात केली, तर नवरदेवाचा मामा धावत आला आणि विचारू लागला, "कोण गेलं?"

मास्तरांची बायको लवकर वारली. लेकीला, शोभाला, त्यांनी एकट्यानं वाढवलं, आणि तिच्या लग्नात आपलाच बँड वाजवायचा हे कधीचं ठरवून ठेवलं होतं. शोभाला लोणीचं स्थळ मिळालं. पण वाजंत्री नवरदेवाकडची, हा रिवाज. व्याह्यांनी साफ सांगितलं, "मुलीच्या बापानं वाजवायचं न्हाई. हात जोडून हुभं ऱ्हायाचं."

मास्तरांनी तालमीच्या खोलीला कुलूप घातलं. माझ्या दुकानात शेवटी एकदाची शांतता झाली आणि मेली मलाच ती सोसेना.

लग्नाच्या दिवशी मास्तर फेटा बांधून मांडवाच्या दारात हात जोडून उभे. जोडलेल्या हातांची बोटं मात्र एकमेकांवर क्लॅरिनेट वाजवत होती. तिकडं फाट्यावर पाहुण्यांच्या बँडची गाणी संपली. त्याच त्या चालींवर नाचून पोरं वैतागली आणि "नवीन वाजवा, मगच नवरदेव पुढं" म्हणून रस्त्यातच बसली. नाशिकच्या, नगरच्या गाड्या अडल्या. मुहूर्त टळायला आला, तसे व्याही घामाघूम होऊन मास्तरांकडं आले.

"मास्तर, आता तुमीच बगा काय ते."

"मी हात जोडून हुभाय, पावणं."

"सोडा की मग ते हात."

मास्तरांची माणसं पंगतीत वाढायला होती. ढोलवाल्यानं बुंदीची परात खाली ठेवली, ट्रम्पेटवाल्यानं वरणाची बादली माझ्या हातात दिली. तालमीच्या खोलीचं कुलूप काढून वाद्यं घेतली आणि फाट्यावर येऊन मास्तरांनी थेट व्याह्यांच्या डोळ्यांत बघत 'व्याह्याशी भांडल्याचं' सुरू केलं. पोरं आधी चक्रावली, मग उठली, मग अशी नाचली की विचारू नका. ट्रकचे ड्रायव्हर उतरून नाचले. पाहुण्यांच्या बँडनं गुपचूप ठेका धरला. खुद्द व्याही दातांत रुमाल धरून नाचले, आणि मीही बादलीसकट नाचलो, लपवत नाही. वरात मुहूर्ताच्या आत मांडवात पोचली. त्या दिवशी अख्खा फाटा मास्तरांचा होता.

संध्याकाळी पाठवणीला पोरं म्हणाली, "मास्तर, व्हऊन जाऊ द्या अजून एक." मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि खाली घेतली. मला म्हणाले, "भाऊ, आजवर लई पोरी वाजत-गाजत नेल्या. आमी आपलं म्होरं चालायचो. मागं बाप कसा हुभा असतो, कदी वळून बगितलंच न्हाई."

शोभा जीपमधून उतरली. त्यांच्या हातातली क्लॅरिनेट घेऊन तिनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि ती परत त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "वाजवा आप्पा. बिनबाजाची मी जायाची न्हाई."

मास्तरांनी कॅसेटमधलं सगळ्यात संथ गाणं धरलं आणि जीपच्या पुढं चालू लागले. व्याही ड्रायव्हरला म्हणाले, "दमानं घे रं." गावाच्या शिवेवर मास्तर थांबले. जीप पुढं गेली, लोणीच्या वाटेला लागून दिसेनाशी झाली, तरी ते वाजवतच होते. वाजवायचं थांबलं की त्यांना रडू फुटणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. म्हणून कुणी त्यांना थांबवलं नाही.