खिशात मावणारी दोरी

सासुरवाडीत मला कुणी काम सांगत नाही. हे वाचून काही जणांना माझा हेवा वाटेल, पण जरा थांबा. वडखळच्या पुढे, खाडीच्या अंगाला हिरामणमामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं घर आहे. तिथे गेलो की मला पंख्याखालची खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि मग मी आलोय हे सगळे विसरून जातात. (एकदा मला खुर्चीसकट उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. फरशी पुसायची होती.)

मी जन्माचा चुळबुळ्या माणूस. मला नुसतं बसवत नाही. त्यात समोर माझा साडू मिथुन कधी टाकीवर चढलेला, कधी मोटारीचा फ्यूज बदलणारा. हा माझ्या मधल्या मेहुणीचा, पूजाचा नवरा. लग्नाला धड दोन वर्षं नाहीत, पण मामा त्याला ‘ए मिथुन, ये रं इकडं’ अशी एकेरी हाक मारतात. मला मात्र ‘जावईबापू, तुम्ही बसा.’ एकेरी हाकेत केवढा मान असतो, ते वर्षानुवर्षं अहो-जाहो सोसलेल्या माणसालाच कळेल.

तर धाकट्या किमयाचं लग्न ठरलं. हळद घरीच. पुढच्या अंगणातला मांडव डेकोरेटर घालणार होता, पण मागच्या परसात, जिथे पंगत बसायची, तिथे त्याने हात वर केले. त्या तिथीला म्हणे अख्ख्या तालुक्यात लग्नं होती. मामा म्हणाले, ताडपत्री आपलीच आहे, आपल्या मिठागरावर मिठाच्या राशीवर घालतो ती. मिथुनने फक्त दोऱ्या आणाव्यात.

आणि खुर्चीतून आवाज आला, “दोऱ्या मी आणतो.”

तो आवाज माझा होता. मृणालीने, माझ्या बायकोने, दूध उतू जाताना बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

मामा हळूच म्हणाले, “जावईबापू, पोरीची हळद हाय. परसात नवऱ्याकडची माणसं बसणार. ताडपत्री खाली आली, तर माझी मान वर व्हायची नाय.”

“मामा, दोऱ्याही आणतो आणि बांधतोही मीच. तुम्ही माझ्यावर सोडा,” मी म्हणालो. (नको तिथे एक वाक्य जास्त बोलायची मला सवय आहे.)

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पेणच्या बाजारात जाऊन नायलॉनची रस्सी घेतली असती आणि चहा पिऊन घरी गेला असता. पण मी रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरला क्लार्क आहे. साधा बोल्टसुद्धा मी ग्रेड विचारल्याशिवाय हातात देत नाही. (शिफ्टवाले म्हणून माझी रजा बघून सामान न्यायला येतात.) पेणच्या दुकानदाराने काथ्या दाखवला, सुतळी दाखवली, रस्सी दाखवली. मी विचारलं, यात हलकी कुठली? तो म्हणाला, मांडव बांधायचाय की पाठीवर टाकून डोंगर चढायचाय? मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघून बाहेर पडलो.

मग मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. परदेशातली दाढीवाली माणसं बर्फात तंबू ठोकतात आणि त्याच्या दोरीचं वजन सोनाराच्या काट्यावर करतात. त्यांच्याकडून मला कळलं की नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, पॉलिस्टर फारसं पडत नाही, आणि तिसरी एक जात अशी आहे की जी काडीएवढी बारीक, हवेसारखी हलकी आणि तरी तारेइतकी भक्कम. तिच्यात एकच खोड, अंगाने गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते. त्यावर उपाय असा की खास गाठ मारायची आणि गाठीच्या पुढे हातभर शेपूट सोडायचं. मला अन्न गोड लागेना. आंघोळ करता करता पॉलिस्टर ठरायचं आणि टॉवेल घेईपर्यंत रद्द व्हायचं. कंपनीत कुणी गॅस्केट मागितलं की मी त्याला विचारायचो, तुझ्या मते ताण महत्त्वाचा की वजन? शेवटी मी तिसरीच मागवली. केशरी रंगाची, उजेड पडला की चमकणारी.

मृणालीने एकच प्रश्न विचारला. मिठागरावरची ताडपत्री चौघांना उचलत नाही, ती बांधायला हलकी दोरी कशाला? ती दोरी कुणाच्या डोक्यावर ठेवायची आहे का? मी म्हटलं, यामागे शास्त्र आहे. ती म्हणाली, असू दे, पण गच्चीवर माझी मिरगुंडं वाळताहेत, तिकडे ते शास्त्र नेऊ नका.

नेलं. दुसरीकडे जागाच नव्हती. टाकीच्या लोखंडी खांबाला दोरी बांधून तिला तांदळाची गोणी लटकवली. दोरीला काही झालं नाही. गाठ मात्र हळूहळू, अगदी सावकाश सरकत गेली आणि गोणी मोठ्या अदबीने मिरगुंडांवर जाऊन बसली. माणसाने इथे सावध व्हायला हवं होतं. मी मात्र उड्या मारत खाली आलो आणि मृणालीला सांगितलं की दोरी तुटली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, त्यामुळे गाठींचा सराव निवांत करता आला.

हळदीच्या सकाळी आम्ही मामांच्या घरी पोचलो. परसात मिथुनने बांबू रोवून ठेवले होते, ताडपत्री पसरली होती. मामा कमरेवर हात ठेवून म्हणाले, “दोरी कुठं हाय? गाडीत?”

मी शर्टाच्या खिशातून काढून दाखवली.

सगुणामामी, माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून आत गेल्या. मिथुन म्हणाला, माझ्याकडे गोठ्यात जुनी रस्सी आहे, आणू का? मी त्याला नको म्हणालो, जरा तोऱ्यातच. मग मी कामाला लागलो. खास गाठ मारली, हातभर शेपूट सोडलं, पुढचा बांबू. दुपारपर्यंत ताडपत्री चौफेर ताणून उभी राहिली, कुठे सुरकुती नाही. मामांनी एक दोरी ओढून बघितली, परत ओढून बघितली आणि म्हणाले, “व्हय, घट्ट हाय की.” सांगायला लाज वाटत नाही, मला भरून आलं. मी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. प्रत्येक बांबूशी जाऊन गाठी चाचपत परसात नुसत्या फेऱ्या मारत राहिलो.

आणि तिथेच घोळ झाला. पाहुणे जमायला लागले. खाडीकाठची माणसं ती. मांडवात आल्यावर कुणी फुलांची सजावट बघतं, कुणी जेवणाचा वास घेतं. या माणसांची नजर पहिली गेली दोरीवर. मृणालीचे चुलते, जनूकाका, पाग टाकून मासे धरण्यात ज्यांचा गावात पहिला नंबर, त्यांनी माझी एक दोरी बोटांत फिरवली, वास घेतला आणि दाताखाली धरून बघितली.

“जावई, ही दोरी कुठली? अशी आमाला नाय कधी गावली. पागाला लावली, तर हातात कळणार पण नाय.”

आठ वर्षांत त्या घरात मला कुणी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. मी सुटलो. वजन सांगितलं, ताण सांगितला, ओलं झाल्यावर काय होतं आणि काय होत नाही ते सांगितलं. बघता बघता भोवती दहाएक माणसं जमली. चुलते, मामे, शेजारचे, कासूहून आलेले कुणी लांबचे, सगळे दोरी चोळून बघताहेत आणि मान डोलवताहेत. जनूकाका म्हणाले, या गाठीच्या पुढे ही एवढी लोंबतेय, तिचं काय काम आहे का?

काम होतं. तेवढंच तर काम होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “घ्या की काका, त्यात काय.” (मान मिळालेला माणूस दुसऱ्या क्षणी काय करेल याचा नेम नाही.)

काकांनी खिशातून चाकू काढून शेपूट कापलं. एकाला दिलं म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? एकाला चिंबोऱ्या धरायच्या जाळीला हवी होती, एकाला होडीवर, एकाला नुसतीच हवी होती. मी स्वतः त्यांना बांबूबांबूपाशी घेऊन गेलो. काहींना जरा लांब तुकडा हवा होता, तेव्हा मी गाठीच्या अगदी जवळून कापायला सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. धवलारीण धोंडुबाई पुढे बसून धवले, म्हणजे हळदीची गाणी, म्हणत होती. हळद लागली आणि पाहुण्यांची पहिली पंगत परसात बसली. मामा स्वतः व्याह्यांना आग्रह करत होते. व्याही पांढऱ्याशुभ्र सफारीत. त्यांनी येताक्षणीच सगळ्यांना सांगितलं होतं की हळद लांबूनच बरी, कपडे नवे आहेत. किमया पाटावरून उठून सासूच्या पाया पडायला आली, मागे बायका हळदीची परात घेऊन. तेवढ्यात खाडीवरून वारा सुटला. तिथे तो रोज त्याच वेळी सुटतो. मी मूळचा खांब गावचा, भातशेतीतला. मला त्या वाऱ्याची काय माहिती?

एका कोपऱ्यातली गाठ सरकायला लागली. सावकाश, गच्चीवर सरकली होती तशीच. मी धावलो आणि ती पकडली. समोरची सरकली. मी ओरडलो, “मिथुन, शेपूट धर.” तो म्हणाला, “कुठलं शेपूट? शेपटं तर तुम्ही वाटली.” मी पुढच्या बांबूकडे झेप घेतली, त्यात आधीची सुटली, आणि मिठागरावरची ती अवजड ताडपत्री व्याही, विहीण, नवरी, वरण, भात आणि परात या सगळ्यांवर एकदम खाली आली.

आतून कुणी किंचाळलं नाही, हे त्या माणसांचं मोठेपण. धोंडुबाई बाहेरच होती. तिने धवला थांबवला नाही. जावयाने पाहुण्यांना पांघरूण घातलं, अशी ताजी ओळ जोडून पुढे म्हणत राहिली. ताडपत्री उचलली तेव्हा आतली सगळी माणसं पिवळी झाली होती. व्याही तर असे माखले होते की नवरदेव कोण, असा प्रश्न पडावा. त्यांनी सफारीकडे बघितलं, किमयाकडे बघितलं आणि खदखदून हसायला लागले. म्हणाले, आमच्या लग्नातसुद्धा एवढी लागली नव्हती. पोरगी हसरी आहे, घर हसरं आहे, आम्ही आणखी काय बघायचं? मग कुठे मामांचा श्वास खाली आला. मिथुनने तोवर गोठ्यातली रस्सी आणली होती आणि ताडपत्री पुन्हा उभी केली होती.

मी मामांसमोर गेलो. ते अंगावरचा भात झटकत होते. मला म्हणाले, “दोरी चांगली हाय, जावईबापू. कुठं तुटली नाय.” एवढं बोलून ते पुन्हा पंगतीकडे वळले.

पावसाळा आला. एका रविवारी माझा फोन वाजला. मामा. ते नेहमी मृणालीच्या फोनवर बोलतात. मला त्यांनी आजवर फोन केलेला नव्हता. मी उभा राहिलो, शर्टाचं बटण लावलं.

“जावईबापू, परसात परत ताडपत्री घालायची हाय. ती तुमची दोरी मागवाल काय? साऱ्या गावात तिचंच नाव हाय.”

“मागवतो ना मामा. आणि मी स्वतः घेऊन येतो. कधी येऊ?”

पलीकडे मामा खाकरले. मग अतिशय मायेने म्हणाले, “दोरी मिथुनकडं पाठवून द्या. ताडपत्री बांधून झाली की मी फोन करीन. माझा फोन येईपर्यंत घरून निघू नका.”