दाजींचा दम

आमच्या शेजारच्या दाजींच्या कलमावर आंबे काढायला गडी चढला की दाजी खाली उभे राहून "कबड्डी, कबड्डी" सुरू करीत, ते तो उतरेपर्यंत. मध्ये श्वास घेत नसत. वरून त्यांचा लालभडक चेहरा दिसला की गडी घाबरून अर्धे आंबे तसेच ठेवून खाली येई. उरलेले माकडं खात.

"धड परत आला ना? मग झालं तर," दाजी म्हणत.

पलीकडे गेलेल्याने दम टिकेतोवर परत यायचं, हा खेळाचा नियम त्यांनी साऱ्या संसाराला लावला होता. त्यांची बायको, आमच्या काकू, विहिरीवर निघाल्या की आधी बजावत, "उशीर होईल हां मला. श्वास घेत ऱ्हावा."

ऐन उमेदीत दाजी जिल्ह्याच्या संघात राखीव होते. चिपळूणच्या सामन्यात त्यांना एकदाच चढाई मिळाली. कुणालाही न शिवता ते परत आले आणि संघ हरला. "पण दम नाय मोडला," हे मात्र ते छाती फुगवून सांगत. पुढे ते गावच्या कबड्डी मंडळाचे प्रशिक्षक झाले आणि मुलांना कबड्डी म्हणत म्हणत कातळाची घाटी चढायला लावू लागले. कार्यवाह झाल्यावर तर सभेतला मुद्दाही एका दमात मांडायचा, असा ठराव केला. आमचे सरपंच "सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष" एवढ्यावरच बाद झाले. सभा मात्र चहा यायच्या आत संपायच्या.

त्यांचा मुलगा वसंत त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने त्याला नोकरीसकट उचललं. वाडीतले त्याच्या आधी गेलेले गडी शिमग्यालासुद्धा येईनासे झाले होते.

वसंतला एसटीवर बसवायला मी सोबत गेलो. दाजी सारखे खेकसत होते. "ढोपरांना तेल लाव. मॅटवर भुलू नको." कंडक्टरलाही टायर बघून ये म्हणाले. पोराच्या पाठीवरून हात फिरवतील तर शपथ. मला त्यांचा रागच आला.

गाडी हलली. दाजींनी छाती भरून श्वास घेतला आणि पुटपुटू लागले, "कबड्डी, कबड्डी..."

गाडी वळणाआड गेली. लाल धूळ खाली बसली. दाजींचा आवाज बारीक होत गेला, चेहरा तांबडा झाला, पण ओठ थांबेनात.

मी त्यांचा हात धरला. पण "दाजी, श्वास घ्या आता," एवढं काही माझ्याच्यानं म्हणवेना.