गेले ते केस होते

टायफॉइडमधून उठून तीन महिने झाले आणि हेमचंद्रचे केस मुठीमुठीने गळायला लागले. उशीवर केस, वरणात केस. बायको विनता नळाच्या पाण्याला दोष देई, वडील दिवाकरराव शाम्पूला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता विसावतो आणि गळतो. तुमच्या तापानं पुष्कळ केस एकदमच विसाव्याला बसवले, ते आता पडताहेत. खालून नवे येतील. सहा महिने धीर धरा."

हेमचंद्रला सहा दिवसही धीर धरवला नाही. रविवारी सकाळी तो चेरीताल मोहल्ल्यातल्या न्हाव्यापुढे जाऊन बसला. "सब उतार दो, भैया."

न्हाव्यानं त्याचा पडलेला चेहरा पाहिला, काही न विचारता गोटा केला, मिशाही उतरवल्या आणि मागे बोटभर शेंडी ठेवून हात जोडले.

बाहेर ऑफिसातले योगेंद्र भेटले. डोक्याकडे पाहताच त्यांनी स्कूटर बंद केली.

"अरेरे. कधी गेले?"

"आत्ताच," हेमचंद्र ओशाळून म्हणाला. "महिन्याभरापासून जाऊनच राहिले होते."

"मग मला काहून नाही सांगितलं? डॉक्टर काय म्हणे?"

"धीर धरा म्हणे. पण रोज थोडं थोडं पाहवत नव्हतं. चलो, सुटलो एकदाचा."

योगेंद्रनी त्याला छातीशी धरलं. हेमचंद्रला भरून आलं. त्याच्या केसांसाठी आजवर इतकं कुणी हळहळलं नव्हतं.

तासाभरात मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाकररावांना श्रद्धांजली पडली. मंडळाच्या अमिताताई हार घेऊन आल्या, तर दार खुद्द दिवाकररावांनीच उघडलं. बाईंनी हार पदराआड लपवला. मागून आलेले एक गृहस्थ "चलो, बरं झालं" म्हणाले, ते कोणत्या अर्थानं हे कुणालाच कळलं नाही. हेमचंद्रनं घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, "बाबा ठणठणीत आहेत. केस गेले."

पण तोवर कुणीतरी पहिला निरोप नागपूरला रामकृष्णकाकांना धाडला होता. खुलासा कुणीच धाडला नाही.

रामकृष्ण दिवाकररावांचा सख्खा धाकटा भाऊ. आईच्या शेवटच्या आजारात कोण आलं नाही यावरून दोघांचं बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली. संध्याकाळी फाटकात गाडी थांबली आणि काका "दादा, दादा" करत रडतच ओसरीवर चढले. खुर्चीतून दिवाकरराव उठले.

"ये, रामकृष्ण."

काकांचं रडणं जागीच थांबलं. त्यांनी डोळे पुसले, पुतण्याचा गोटा पाहिला, टायफॉइडपासूनची सगळी हकीकत उभ्यानंच ऐकली.

"म्हणजे केस गेले."

"हो, काका."

"बरं."

विनतानं पाणी आणलं. त्यांनी भांड्याला हात लावला नाही. "अंधार पडायच्या आत तिलवाऱ्याचा पूल ओलांडतो," असं भावाला नाही, विनताला सांगून ते गाडीत बसले.

गाडी वळणाआड जाईपर्यंत दिवाकरराव फाटकाशी उभे राहिले.

"मेलो असतो," ते म्हणाले, "तं तेरा दिवस राहिला असता."